ॲसिड, कूलर, ऊन आणि टाकी: नागपुरात सफाईचं काम सुरक्षितपणे करून घ्यायचं तर

बुटीबोरीतला कारखाना असो, सिव्हिल लाइन्समधलं ऑफिस असो की मनीषनगरातली सोसायटी, सफाईच्या कामात माणसं जायबंदी होतात ती त्याच त्या कारणांनी. संडासात दोन औषधं एकत्र आली. कूलरच्या पत्र्यात करंट उतरला होता. मे महिन्यात भर दुपारी गच्ची झाडायला पाठवलं. कचऱ्याच्या पिशवीतली सुई पायात गेली. यातल्या कुठल्याच प्रसंगात ‘जरा जपून कर’ म्हणण्याचा उपयोग होत नाही. कॅन कुठला आणायचा, मोजायला माप द्यायचं की नाही, गच्चीची वेळ कोणती, हे सगळं कामगार हजेरी लावायच्या आधीच ठरलेलं असतं. म्हणून पुढची माहिती काम करणाऱ्यासाठी आहेच, पण जास्त करून काम नेमून देणाऱ्या सुपरवायझर आणि सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी आहे.

हायपो, ॲसिड, फिनाइल

आधी मापाचं बघा. बहुतेक ठिकाणी ‘एक झाकण टाक’ एवढीच सूचना असते, आणि पाच लिटरच्या कॅनचं झाकण दर कंपनीचं निराळं. मिलीच्या खुणा असलेलं प्लास्टिकचं माप प्रत्येक मजल्याच्या कपाटात ठेवा आणि दोरीने बांधून ठेवा, नाहीतर आठवड्यात गायब होतं. बादलीत दहा लिटर पाणी मोजून भरा आणि त्या पातळीला आतून पक्क्या मार्करने रेघ मारा. एवढं झालं की हिशेब करता येतो.

हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं पातळ जंतुनाशक. त्याच्या कॅनवर टक्के छापलेले असतात. संडासाची फरशी, नळ, दाराची हँडलं यांना ०.१ टक्का पुरतो. म्हणजे ५ टक्क्यांच्या हायपोतून दहा लिटर बनवायला २०० मिली, १० टक्क्यांचं असेल तर १०० मिली. रक्त सांडलं असेल तिथे १ टक्का हवा, म्हणजे ५ टक्क्यांचं दोन लिटर हायपो आणि आठ लिटर पाणी. कुठलाही कॅन आला तरी हिशेब एकच: कॅनवरचे टक्के भागिले हवे तेवढे टक्के, त्यातून एक वजा. जो आकडा येईल तितके भाग पाणी, एक भाग हायपोला. ब्लिचिंग पावडर वापरत असाल तर ३० ते ३३ टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरीतून लिटरला ३० ग्रॅम घेतले की साधारण १ टक्क्याचं पाणी होतं. गाळ बसू द्या, वरची निवळी वापरा.

बादलीत पाणी आधी, औषध नंतर. उलटं केलं तर तळाशी पडलेल्या औषधावर नळाची धार बसते आणि शिंतोडे उडतात ते थेट वाकलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे.

जास्त टाकलं की जास्त स्वच्छ होतं, ही समजूत काढायला वेळ लागतो. हायपो मळ काढत नाही, ते जंतू मारतं, आणि मळ असेल तर मळावरच खर्ची पडतं. आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवा, मग हायपो लावा आणि दहा मिनिटं ओलं राहू द्या. ही दहा मिनिटं दिली नाहीत तर दुप्पट औषधाने कामगाराचे हात आणि छाती तेवढी जळते. दुसरी गोष्ट नागपूरची: उन्हाळ्यात पार्किंगच्या पत्र्याखाली किंवा गच्चीवरच्या खोलीत ठेवलेलं हायपो झपाट्याने मरतं. मग ‘हे लागतच नाही’ म्हणून माणूस माप वाढवत जातो, आणि पुढच्या महिन्यात ताजा कॅन आला तरी हात त्याच वाढलेल्या मापाने ओततो. कॅन तळमजल्यावर सावलीत, हवा खेळेल अशा जागी ठेवा. एका वेळी महिन्याभराचाच आणा. पातळ केलेलं पाणी रोजचं रोज बनवा.

आता मुख्य धोका. हायपो किंवा ब्लिचिंग आणि कुठलंही ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. टॉयलेट क्लीनरच्या बाटलीतही ॲसिडच असतं, बहुतेकांत हायड्रोक्लोरिक. मुद्दाम कोणी ते मिसळत नाही. होतं असं: भांड्यात टॉयलेट क्लीनर टाकलं, डाग गेला नाही, म्हणून वरून हायपो ओतलं. किंवा सकाळच्या पाळीने ॲसिड लावून ठेवलं आणि दुपारच्या पाळीला ते माहीतच नव्हतं. किंवा एकाच मगात आधी हे, नंतर ते. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, आणि भांडं घासणारा उकिडवा बसलेला असतो. मुतारीतही सावध राहा. साचलेल्या लघवीत अमोनिया असतो, त्यावर हायपो पडलं की दुसरा एक विषारी वायू, क्लोरामाइन, तयार होतो. मुतारी आधी भरपूर पाण्याने धुवायची ती यासाठी. काच पुसायच्या काही औषधांतही अमोनिया असतो, लेबल वाचा.

बंदोबस्त साधा आहे. एका जागेला एका दिवशी एकच औषध. ॲसिडसाठी लाल मग आणि लाल ब्रश, हायपोसाठी निळा. दोन्ही कॅन वेगळ्या कपाटांत ठेवा. दारामागे एक वही किंवा पाटी लटकवा आणि ‘आज काय वापरलं, किती वाजता’ एवढंच त्यावर लिहायला लावा. ज्याला लिहिता येत नाही त्याने लाल किंवा निळा ठिपका द्यायचा.

तरीही वास आलाच, डोळे चुरचुरले, घशात टोचलं, तर पाणी ओतत बसू नका, श्वास रोखून बाहेर या आणि दार उघडं ठेवा. कापडी मास्क किंवा एन ९५ वायू अडवत नाही. ते धुळीसाठी आहेत. बाहेर आल्यावर बसवून ठेवा, चालवू नका, कपड्यांवर औषध पडलं असेल तर कपडे काढा. खोकला थांबत नसेल, छाती आवळत असेल तर दवाखाना. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी त्या रात्री माणसाला एकटं ठेवू नका, कारण फुप्फुसात पाणी होण्याची लक्षणं काही तासांनीही सुरू होऊ शकतात.

डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर वाहत्या पाण्याखाली घड्याळ लावून किमान १५ मिनिटं. डोळा बोटांनी उघडा धरा आणि तो डोळा खालच्या बाजूला ठेवा, म्हणजे पाणी दुसऱ्या डोळ्यात जात नाही. खाण्याचा सोडा, दूध, तूप, टूथपेस्ट काही लावायचं नाही. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका; जाताना जळलेली अन्ननलिका येताना पुन्हा जळते. दवाखान्यात जाताना कॅन किंवा बाटली सोबत न्या, डॉक्टरला नाव कळतं.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत औषध भरणं पूर्ण बंद. ४५ अंशांत तहानलेला माणूस बाटली उघडून आधी घोट घेतो, मग वास घेतो.

शहरात बोअरचं पाणी जड असलं की नळांवर आणि टाइल्सवर पांढरा थर चढतो, आणि त्यासाठी सुटं ॲसिड मागवलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले, तरी बिनालेबलच्या बाटल्या दिसतातच. त्या घेऊ नका. किराण्यातलं लिंबूसत्व लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम विरघळवा, फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने नायलॉनच्या ब्रशने घासा. जुना थर दोन-तीन खेपांत निघतो. संगमरवर आणि कोटा फरशीवर मात्र हेही नको, चमक जाते. आणि लिंबूसत्व हेही ॲसिडच आहे, हायपोजवळ नेऊ नका.

हातमोजे औषधांसाठी नायट्राइलचे किंवा जाड रबराचे, मनगटाच्या वर चार बोटं येतील असे. दवाखान्यातले पातळ पांढरे मोजे टॉयलेट घासायला टिकत नाहीत. रोज सकाळी मोज्यात हवा भरून पिळून बघा, भोक लगेच कळतं. हात वर करून भिंत घासायची असेल तर मोज्याची कड बाहेर दुमडा, म्हणजे कोपराकडे वाहणारं पाणी दुमडीत अडतं. आत पाणी गेलेला मोजा घालून राहणं हे मोजा नसण्यापेक्षा वाईट, कारण औषध कातडीला दाबून बसतं. बोटांत अंगठी असेल तर तिच्याखाली आधी सोलतं. काम संपल्यावर हात धुऊन, कोरडे करून खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन.

कूलर

नागपुरात मार्च ते जून सफाईवाल्याच्या वाट्याला हे एक काम जास्तीचं येतं, आणि त्याला कुणी विजेचं काम समजत नाही. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी, आणि अनवाणी किंवा भिजलेल्या चपलेतला माणूस. पंपाच्या वायरचं आवरण फाटलं की सगळा पत्रा करंट धरतो. दर उन्हाळ्यात विदर्भात यात माणसं जातात.

पहिली पायरी म्हणजे प्लग भिंतीतून काढणं. बटण बंद करणं पुरत नाही, कारण वायरिंग उलटं झालेलं असेल तर बटण न्यूट्रलवर असतं आणि बटण बंद असूनही पंपात करंट राहतो. प्लग काढून कूलरच्या डोक्यावर ठेवा, सगळ्यांना दिसेल असा. प्लगवर तिसरी पिन नसेल किंवा कापलेली असेल, कूलर थेट वायरी खोचून चालवलेला असेल, तर सफाई करायची नाही. इलेक्ट्रिशियनने दुरुस्त केल्यावरच हात लावायचा. याबाबतीत साहेबांचा ‘आजच्या दिवस कर’ ऐकायचा नाही.

मग पाणी काढा. ताट्या, वाळ्याच्या असोत की वूडवूलच्या, काढण्याआधी मगाने ओल्या करा. सीझनभराची धूळ आणि बुरशी कोरडी झटकली की नाकातोंडात जाते. एन ९५ इथे कामाचा आहे. टाकीच्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात, जाड मोजे घाला. टाकीच्या आतल्या बाजूने, पाण्याची रेघ जिथे दिसते तिथे, ब्रशने कसून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी त्या रेघेला चिकटलेली असतात, कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात, आणि नुसतं पाणी बदललं की तीच पुन्हा उबवतात. आठवड्यातून एकदा हे करायचं. वाहून गेलेलं पाणी लगेच वायपरने ओढा, कारण तोच पॅसेज दहा मिनिटांनी कुणीतरी फाइल घेऊन ओलांडणार असतो.

भरताना क्रम उलटा. सगळं बसवा, पाणी भरा, हात पुसा, चप्पल कोरडी आहे ना बघा, मग प्लग. चालू कूलरमध्ये बादलीने पाणी ओतणं हीच अनेक अपघातांची वेळ असते. ऑफिसच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारी कळ, आहे का ते विचारा आणि तिचं टेस्ट बटण सीझन सुरू होण्याआधी दाबून बघायला लावा. बटण दाबल्यावर ती पडली नाही तर ती शोभेची आहे.

कुणी चिकटलं तर त्याला हात लावू नका. मेन किंवा एमसीबी पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी दांड्याने किंवा प्लास्टिकच्या स्टुलाने ढकला, तेही कोरड्या जागी उभं राहून. श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून छातीच्या मधोमध दाब द्यायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटीमीटर खोल, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. दमलात तर माणूस बदला, दाब थांबवू नका.

ऊन

गच्ची, पार्किंग, बाहेरच्या काचा आणि आवार यांचं काम एप्रिलपासून सकाळी सहा ते दहा किंवा संध्याकाळी पाचनंतर. दुपारी बारा ते चार आतली कामं द्या. नवतप्यात, म्हणजे २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या त्या नऊ दिवसांत, गच्चीचं मोठं काम काढूच नका. टाकी धुणं आणि गच्ची घासणं पंधरा एप्रिलच्या आत उरका.

पाणी तहान लागल्यावर नाही, घड्याळावर: दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास, साधारण २५० मिली. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको. दोन तासांपेक्षा जास्त घाम गाळायचा असेल तर सोबत मीठ हवं, म्हणजे मीठ घातलेलं ताक, पन्हं, किंवा एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक मोठं पाकीट. अर्ध्या लिटरात पूर्ण पाकीट घालून ‘स्ट्राँग’ करू नका. डोक्याला ओला दुपट्टा चांगला. खिशातला कांदा असू द्या, हरकत नाही, पण त्याने अंग थंड होत नाही.

नवीन माणूस पहिल्या दिवशी उन्हात पाचव्या हिश्शाएवढंच काम करेल असं बघा, मग रोज तेवढंच वाढवत न्या. गावाहून आठ-पंधरा दिवसांनी परतलेल्या जुन्या माणसालाही दोन-तीन दिवस सावरायला द्या. शरीराला उन्हाची सवय लागायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि आठवडाभर खंड पडला की ती सुटू लागते. पीपीई घातलेल्याला, विशेषतः प्लास्टिकचा एप्रन आणि गमबूट असलेल्याला, घाम वाळत नसल्यामुळे बरीच लवकर विश्रांती लागते.

आता एक गोष्ट जी कुठल्याच सेफ्टीच्या तक्त्यावर नसते. सफाई करणाऱ्या बाया पाणीच पीत नाहीत. कारण सरळ आहे: ज्या इमारतीतले बावीस संडास त्या घासतात, त्यातला एकही त्यांना वापरू देत नाहीत, किंवा वापरला तर कुणीतरी बोलतं. मग सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत कोरडं राहायचं. यातून लघवीची जळजळ, मुतखडा आणि उन्हाळ्यात ऊन लागणं. पाण्याचे कितीही जार ठेवा, हा प्रश्न सुटल्याशिवाय ते भरलेलेच राहणार. कंत्राटाच्या करारात ओळ घाला: सफाई कर्मचाऱ्यांनी कोणत्या मजल्यावरचं शौचालय वापरायचं, आतून कडी असलेलं, आणि बसून डबा खायची जागा कोणती. तोंडी परवानगी नको, मॅनेजर बदलला की ती जाते.

ऊन लागल्याची ओळख: पोटऱ्यांत गोळे, डोकं जड, मळमळ, खूप घाम. इथवर सावली, पाणी, मीठ आणि विश्रांतीने भागतं. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग तापून भट्टी झालं, तर हा उष्माघात आहे, आणि घाम येत असला तरी तो उष्माघातच. १०८ लावा आणि वाट न बघता अंगावर पाणी ओता, कपडे सैल करा, ओल्या चादरीवर पंखा सोडा, काखेत, मानेला, जांघेत बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. मेडिकल किंवा मेयो, यांपैकी जे सरकारी रुग्णालय जवळ असेल तिथे. पण गार करणं गाडी येईपर्यंत आणि गाडीतही चालू ठेवा.

उंचीवरचं काम

घोडी, म्हणजे घडीची शिडी, पूर्ण उघडून, मधला अडणा बसवूनच चढायचं, आणि सगळ्यात वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. भिंतीला टेकवायची शिडी असेल तर चार फूट उंचीला एक फूट पाया बाहेर. खुर्चीवर स्टूल ठेवून पंखे पुसणाऱ्याला खाली उतरवा आणि लांब दांड्याचा ब्रश द्या, तो घोडीपेक्षा स्वस्त पडतो.

काचेसाठीची लांब ॲल्युमिनियमची दांडी गॅलरीतून बाहेर काढण्याआधी विजेच्या तारा कुठून गेल्यात ते बघा. जुन्या वस्त्यांत त्या हाताच्या अंतरावर असतात, आणि मोठ्या दाबाच्या तारेला दांडी टेकावीही लागत नाही. तिथे फायबरची दांडी आणि तीही कोरडी. तारा जवळ असतील तर वीज बंद केल्याशिवाय नाही. खिडकीच्या कठड्यावर उभं राहून बाहेरची काच पुसणं हे सफाईचं काम नाही. ते दोरावरून काम करण्याचं प्रशिक्षण घेतलेल्यांचं, पूर्ण अंगाच्या हार्नेसवर, वेगळ्या पैशाचं काम आहे. ग्रिलला बांधलेला पट्टा हार्नेस होत नाही.

टाकी

पाण्याची टाकी आणि सेप्टिक टँक ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि लोक दोन्ही ‘टाकी साफ कर’ म्हणून एकाच माणसाला सांगतात.

सेप्टिक टँक, गटाराचं चेंबर: माणूस उतरवायचा नाही. हाताने मैला साफ करण्याला मनाई करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार संरक्षक साधनांशिवाय आणि खबरदारी न घेता कुणाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवलं तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोसायटीचा सेक्रेटरीही यातून सुटत नाही. मृत्यू झाल्यास भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाखांवर नेली. सक्शनची गाडी बोलवा, १४४२० हा देशभराचा हेल्पलाइन क्रमांक आहे. आतला हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच मरतं आणि वास थांबतो. ‘आता वास गेला, उतर’ असं सांगितलं जातं तो क्षण हाच. मेणबत्ती किंवा कंदील सोडून बघण्याची जुनी पद्धत या वायूचा पत्ता लावत नाही आणि मिथेन असेल तर भडका उडवते.

तळमजल्याखालची पाण्याची टाकीही बंद जागाच आहे. सगळी झाकणं उघडून पाणी उपसा, ब्लोअरने बाहेरची हवा आत सोडत ठेवा, ऑक्सिजन मीटरवर १९.५ टक्क्यांच्या वर आहे ना ते बघा आणि मगच उतरा. कमरेला आणि खांद्याला हार्नेस, दोराचं टोक वरच्या माणसाच्या ताब्यात, आणि त्या माणसाला दुसरं काम नाही. पेट्रोल-डिझेलचा पंप टाकीत किंवा तोंडाशी लावू नका, त्याचा धूर आत उतरतो. ब्लिचिंग लावायचं ते शेवटी, खालून वर येत, आणि लगेच बाहेर.

आतला माणूस कोसळला तर वरच्याने उडी मारायची नाही. दोराने ओढा, जमलं नाही तर अग्निशमन दलाला १०१. एकाला वाचवायला दुसरा, त्याच्या मागे तिसरा, अशीच माणसं जातात.

सुई, काच, कचरा

पिशवी तीन-चतुर्थांश भरली की बांधा. वरून पायाने किंवा हाताने दाबायची नाही, अंगाला किंवा मांडीला टेकवून न्यायची नाही. दवाखान्यात सुया पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात जायला हव्यात. पिवळ्या किंवा लाल पिशवीत सुई दिसली तर पिशवी जागेवर ठेवून सिस्टरला बोलवा. ती उचलून देणं तुमचं काम नाही. दवाखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला काविळीच्या बी प्रकाराची लस आधी, तीन डोस: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. ठेकेदार ‘आठवडाभर बघू टिकतो का’ म्हणून लस लांबवतात, आणि सुई नेमकी नवख्यालाच टोचते.

टोचलीच तर पिळू नका, चोखू नका, हायपो लावू नका. साबण आणि वाहतं पाणी. मग लगेच सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि त्या २८ दिवस घ्याव्या लागतात. सुई कुठल्या वॉर्डातली, किती वाजता, हे कागदावर लिहून न्या.

कंबर, पाय, धूळ

मॉपचा दांडा हनुवटीपर्यंत यावा. आखूड दांडा दिवसभर वाकवतो. बादली दहा लिटरच्या वर भरू नका. मॉप पुढे-मागे रेटण्याऐवजी आडव्या आठच्या आकारात फिरवत मागे सरका, म्हणजे पुसलेल्यावर पायही पडत नाही. हवाई चप्पल ओल्या टाइलवर नको, खाचांचा रबरी तळ असलेले बूट द्या. पावसाळ्यात गमबूट घालणाऱ्यांना बोटांमध्ये चिखल्या होतात. मोज्यांची दुसरी जोडी आणि दुपारी दहा मिनिटं पाय उघडे ठेवायला मिळणं, यावर बरंच भागतं.

धूळ कोरडी झाडू नका, पाणी शिंपडून घ्या. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे राखेची, नव्या बांधकामावर सिमेंटची, डक्टमध्ये कबुतरांच्या विष्ठेची. तिन्हींना आधी ओलावा आणि एन ९५.

कागद

अपघाताच्या दिवशी कुणी कागदाचा विचार करत नाही, म्हणून हे आधीच करून ठेवायचं. दहा किंवा जास्त माणसं आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, लागू. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. कापले जातात पण भरले जात नाहीत अशीही उदाहरणं असतात. विमा क्रमांक मागून घ्या आणि पोर्टलवर तपासा. कामावरच्या इजेसाठी किती महिने भरणा झाला हे बघितलं जात नाही, पहिल्या दिवशीचीही इजा धरली जाते. तीन दिवस किंवा जास्त काम बंद पडलं तर सरासरी मजुरीच्या ९० टक्के मिळतात. त्यासाठी अपघाताची नोंद फॉर्म ११ च्या पुस्तकात त्याच दिवशी हवी आणि मालकाने अपघाताच्या अहवालाचा फॉर्म १२ पाठवायला हवा. नोंदीत ‘पाय घसरला’ एवढंच लिहू देऊ नका. कुठे, किती वाजता, कोणतं काम करताना, कुणी सांगितलेलं, आणि बघणारं कोण होतं हे लिहून घ्या, आणि त्या पानाचा फोटो कामगाराच्या मोबाइलमध्ये राहू द्या.